बाबांच्या नावाचा पासवर्ड

घराला कुलूप लावायची वेळ आली तेव्हा आये मागच्या पडवीत जाऊन बसली. पिशव्या रिक्षात चढल्या होत्या, खळ्यात निम्मी वाडी जमली होती, आणि हिचा पत्ता नाही. मी आत गेले तर बाई चुलीतली राख सारखी करत होत्या. "आये, चल गो, गाडी चुकतली," मी म्हटलं. "चुलीक असो उकिरडो करून कोण जाता काय?" ती माझ्यावरच डाफरली. मग बाहेर येऊन तिने दार ओढून घेतलं आणि किल्ली दत्ताकाकांच्या हातात दिली. माझ्या हातात नाही, काकांच्या. काकांनी तुळशीपाशी उभं राहून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ही लेकरा परमुलखात जातत, थय त्यांका एकटा पाडू नको रे म्हाराजा." तुम्ही वाडीतले सगळे एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणालात. मी घड्याळाकडे बघत होते.

रिक्षात बसेपर्यंत तुमच्यातल्या प्रत्येकाने मला एकच विचारलं, मुंबईत आये रमेल का. मला तेव्हा या प्रश्नाचा राग आला होता, आजही थोडा येतो. रमणं ही चैनीची गोष्ट झाली. बाबा गेल्यावर आये एकटी राहायची, इन्सुलिन स्वतः टोचून घ्यायची, आणि कधी जेवायला उशीर झाला की तिची साखर भसकन खाली यायची. घाम फुटतो, बोलणं भलतंच होतं, आणि कुणी वेळेत साखर तोंडात घातली नाही तर माणूस हातचं जातं. एकदा ती काकूंना विहिरीपाशी सापडली, पुढच्या वेळी पडवीत. कुडाळच्या डॉक्टरांनी मला फोनवर सुनावलं की यांना एकटं ठेवायचं असेल तर मला विचारू नका. मी एकुलती एक. काका-काकू स्वतःच सत्तरीपुढचे. तेव्हा माझ्यापुढे प्रश्न रमण्याचा नव्हता. मी अंधेरीला ऑफिसात गेल्यावर तिच्याजवळ कोण, एवढाच होता.

मी स्वतः गाव सोडलं त्याला आता किती वर्षं झाली ते मोजत नाही. आधी मालाडला मावशीकडे, मग भाड्याच्या खोल्या, आणि शेवटी कांजूरमार्ग पूर्वेला ही एका बेडरूमची जागा. इमारत नवी, भिंती सगळ्या सिमेंटच्या, खिळा ठोकायला गेलात तर खिळाच वाकतो. वाऱ्याची दिशा बदलली की डम्पिंगचा वास येतो. त्याची सवय होते, पण मोबाईलला रेंज नाही याची होत नाही. खिडकीत एक दांडी, जिन्यात कधी दोन. गावाला निदान आंब्याखाली गेलं की फोन लागायचा.

माझी नोकरी फोनवर बोलण्याची. इस्पितळात ॲडमिट होणाऱ्यांच्या विम्याची हेल्पलाइन. पलीकडे कुणाचा बाप स्ट्रेचरवर असतो, कुणाची बायको ऑपरेशनला थांबलेली असते, आणि मंजुरी कधी येणार हे ते मला विचारत असतात. शर्वरी मॅडम माझ्या टीम लीडर. मी त्यांना आयेचं सगळं सांगितलं आणि घरून काम मागितलं. त्या वाईट नाहीत, पण गोड बोलून वेळ घालवणाऱ्याही नाहीत. म्हणाल्या, "कर घरून. पण आठवडाभर मी तुझी लाइन बघणार. आवाज तुटला, कॉल कटला, तर परत ऑफिस. यात माझ्या हातात काही नाही, शुभांगी." म्हणजे लाइन टिकली तर आये इथे. नाही टिकली तर मला नोकरी सोडायला लागणार, किंवा तिला त्या कुलूपबंद घरात परत सोडायला लागणार. नोकरी सोडून आम्ही दोघी खाणार काय, हे सांगायला ज्योतिषी नको.

वायफाय बसवायला आलेला माणूस तोंडाने फटकळ होता. शाफ्टमधून वायर ओढून त्याने दिवाणखान्यात राउटर धरला आणि विचारलं, "कुठे लावू बोला." आये चटकन म्हणाली, "देव्हाऱ्यात लाव. उंच आसा, आणि तेकाय दिवे आसत." तो हसायला लागला. शेवटी फ्रिजच्या वर फळी ठोकून लावला. दिवे हिरवे झाले, माझा जीव भांड्यात पडला, आणि बेडरूममध्ये लॅपटॉप उघडला तर सिग्नल जेमतेम. "मध्ये लोखंडी कपाट आहे ना, त्याने वाट लावलीय," तो म्हणाला. "नाहीतर सरळ वायर टाकतो ना फ्रिजपासून टेबलापर्यंत." मी नाही म्हटलं. जमिनीवरून वायर गेली आणि आये अडखळली, तर एक संकट टाळायला दुसरं घरात आणल्यासारखं. मग आम्ही दोघी आणि तो, तिघांनी मिळून ते कपाट दुसऱ्या भिंतीला ढकललं. आयेने कपाटाला "जोर लाव रे" म्हणून दम दिला.

पासवर्ड काय ठेवायचा हे मात्र मी फार विचार करून ठरवलं. आयेच्या फोनवर तुमचे व्हिडिओ कॉल यायचे, म्हणजे फोनने पुन्हा मागितला तर तिला तो माहीत असायला हवा. पण तिने तो कुणाला सांगता कामा नये. तुम्हाला तिचा हात माहीत आहे. विरजण मागायला आलेल्याला तिने कधी रिकामं पाठवलं नाही. आमच्या विहिरीवर मे महिन्यात वरच्या वाडीच्या बायका यायच्या, आणि बाबा पाणी आटतंय म्हणून कुरकुरले तर आये म्हणायची, "पाण्याक नाय म्हटला तर झरो बुजता." अशा बाईला पासवर्ड सांगणं म्हणजे दवंडी पिटणं. म्हणून मी बाबांचं नाव ठेवलं, पुढे गावच्या घराचा नंबर. वसंत. आयेने आयुष्यात नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं नव्हतं. रेशन कार्डाच्या खिडकीवरसुद्धा ती माझ्याकडे बघायची आणि मी नाव सांगायची. मला वाटलं, याहून मजबूत कुलूप जगात नाही. माझ्या हुशारीवर मी खूश होते.

पहिल्या दिवशी लाइन झकास चालली. दुसऱ्या दिवशी दुपारी आवाज तुटायला लागला. "हॅलो, मॅडम, काय म्हणालात? हॅलो?" पलीकडचा माणूस ओरडत होता, त्याची आई अतिदक्षता विभागात होती, आणि माझा आवाज त्याला तुकड्या-तुकड्यात जात होता. शर्वरी मॅडमचा मेसेज आला, "काय चाललंय?" मी राउटर बंद करून चालू केला. कंपनीला फोन केला. त्यांनी सांगितलं की आमच्याकडून सगळं बरोबर आहे. तिसऱ्या दिवशी तेच. सकाळी लोण्यासारखी लाइन, आणि दुपारची जेवणवेळ झाली की कुणीतरी गळा दाबल्यासारखी. मी आयेवर चिडले, पंखा हळू कर, टीव्ही बंद कर, बोलू नको. बाहेरचा आवाज नको म्हणून दाराची बेलसुद्धा काढून ठेवली. तिने सगळं मुकाट्याने केलं. आयेला इथे आणून आपण फसलो, हे मी स्वतःशी म्हणायला लागले होते.

त्यानंतरच्या दुपारी पुन्हा आवाज तुटला, आणि मी वैतागून दोन कॉलच्या मध्ये पाणी प्यायला बाहेर आले. घराचं दार सताड उघडं. बाहेर जिन्याच्या मोकळ्या जागेत आमची चटई अंथरलेली. चटईवर शेजारची चंद्रामावशी पाय पसरून बसली होती. ती खाडीकाठच्या कोळीवाड्यातून या इमारतीत आलेली, सकाळी घाटकोपरच्या बाजारात मासळी विकते आणि दुपारी फोनवर उद्याच्या ऑर्डरी घेते. व्हिडिओवर गिऱ्हाइकाला पापलेटं दाखवत होती. तिच्या शेजारी वरच्या मजल्यावरचे शिंदेकाका, निवृत्त कंडक्टर, फोनवर दशावतार बघत होते, आणि त्यांच्या खांद्यावरून माझी आये त्यातल्या राजाला शिव्या घालत होती. मध्ये गूळ आणि पाण्याचा तांब्या. अगदी आमच्या खळ्यातल्यासारखं.

 मी फार मोठ्याने विचारलं, "यांना पासवर्ड कुणी दिला?"

"मी दिलंय," आये म्हणाली. "रेंज नाय गो हेंका. ही जिन्यात उभी रवान गिऱ्हायकांका बोलय होती. घरात पाणी असताना दाराक इल्ल्याक तहानलेला ठेवतत?"

"पण तू... बाबांचं नाव..."

आयेने मान खाली घातली. उत्तर चंद्रामावशीने दिलं. "आधी सांगीना गो ही. बोलली, माज्या घोवाचं नाव हाय, मी घेत नाय. मी बोलले, आवं, मग उखाण्यात घे. मी पण रांडाव बाईच हाय, मला तरी कोन इचारतं आता नाव घे म्हनून? घे, मी पण घेते. मग घेतलं ना तिनं." आणि कौतुकाने तिने तो म्हणूनही दाखवला:

"खाडयेवरचो वारो, लागता गार गार,
वसंतरावांचा नाव घेतंय, उघडा ठेवून दार."

बाबा जाऊन इतका काळ झाला. हळदीकुंकू, बारसं, लग्नं, कुठेच कुणी तिला नाव घ्यायला सांगितलं नसणार. विधवेला कोण सांगतं? हे सगळं मला त्या क्षणी कळलं, आणि तरी माझा राग गेला नाही. उलट वाढला. मी म्हटलं, "माझी नोकरी जाईल. तू परत गावाला जाशील. हे कळतंय का तुला?" मग त्या दोघांना म्हटलं, "प्लीज, बंद करा." शिंदेकाका चटकन उठले. चंद्रामावशीने फोन पदराला पुसला, कमरेला खोचला आणि निघून गेली. मी आत जाऊन पासवर्ड बदलला, आकडे आणि चिन्हं, कुणाच्या बापाला उच्चारता येणार नाही असा. आयेच्या फोनमध्येही घातला. ती पडद्याकडे बघत राहिली.

"तां नाव काढलंस?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं, आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी शर्वरी मॅडम स्वतः लाइनवर बसल्या होत्या, माझे कॉल ऐकत. त्यांच्या त्या आठवड्याचा तो शेवटचा दिवस. मी आयेला लवकर जेवून घे सांगितलं, ती "व्हय" म्हणाली. बेडरूमचं दार बंद, कानावर मोठा हेडसेट. दुपारी एकही शब्द तुटला नाही. मी एका माणसाशी बोलत होते, त्याच्या वडिलांना हार्टचा त्रास, कागद अपलोड होत होते, आणि तो मध्येच म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे कुणीतरी दार तोडतंय वाटतं."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. माझ्या कानावर तो हेडसेट होता, त्याच्या कानावर माझ्या घरचा आवाज. मी हेडसेट काढला. कुणीतरी मुठीने दार बडवत होतं आणि चंद्रामावशीचा बाजारातला आवाज घुमत होता, "आये! आये गो! उघड! शुभा, मेली काय तू आत!"

आये स्वयंपाकघरात ओट्याला टेकून जमिनीवर बसली होती. घामाने चोळी भिजलेली. ताट झाकून ठेवलेलं, तसंच. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "काकी, गुरा सोडलंस?" मी दार उघडलं की आधी साखर काढली, मला आठवत नाही. चंद्रामावशी आत होती एवढं खरं. तिने आयेचं डोकं मांडीवर धरलं, मी पाण्यात साखर ढवळून चमच्याने घातली, गालातून ओघळली, पुन्हा घातली. ती गिळत नव्हती. चंद्रामावशीने तिच्या गळ्यावरून हात फिरवला, लहान पोराला औषध पाजतात तसा, आणि म्हणाली, "गिळ गो बाय, गिळ." आणि तिने गिळलं. मी तिथेच फरशीवर बसून रडायला लागले.

बऱ्याच वेळाने आये नीट बोलायला लागली. पहिलं वाक्य, "एकट्याक जेवण जाय नाय, म्हणान थांबललंय." आधीचे तीन दिवस ती दुपारी चटईवर, त्या दोघांसोबत जेवत होती. मला माहीतच नव्हतं. एका दाराच्या आत मी तिला सांभाळायला बसले होते, आणि तिच्यापासून अंधेरीइतकीच लांब होते. दाराबाहेरच्या माणसांना कळलं. चंद्रामावशी नेटसाठी आलीच नव्हती. मांदेली घेऊन आली होती, आये दार उघडेना, आणि एरवी उघडं असणारं दार बंद बघून तिने ते बडवायला सुरुवात केली.

लॅपटॉपवर शर्वरी मॅडमचे मेसेज होते. तो कॉल त्यांनी स्वतः घेतला होता, त्या माणसाचं काम करून दिलं होतं. मी फोन केला आणि जे झालं ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "लाइन चांगली आहे तुझी. प्रश्न लाइनचा नाही. शिफ्टमध्ये आईजवळ दुसरं कुणी असेल का? असेल तरच मी वर सही करून पाठवते. नाहीतर उद्या माझ्यावरही येईल." मी म्हटलं, "आहेत, मॅडम." कुणाला विचारलं नव्हतं. ज्यांना विचारायचं त्यांना मी आदल्या दिवशी चटईवरून उठवलं होतं.

आयेला मी हे सांगितलं तेव्हा ती वैतागली. "इतक्या शिकलंस नि पाणी वाटूक येना नाय तुका? आपल्या पाटाचा पाणी कसा वाटतत? तुझ्या बापाशीन कधी पाट बुजवलो काय? पाळी लाव." पाटाच्या पाण्याची ही वाटणी तुम्हाला मी सांगायला नको. पण वाचणाऱ्यांत ज्यांचं बालपण नळावर गेलं त्यांच्यासाठी लिहिते: डोंगरातून येणारा पाट एकच असतो, आणि एकेका बागेला ठरलेल्या वेळी पाणी सोडतात. ज्याची वेळ नसेल तो आपलं तोंड मातीने बुजवतो. कुणी पहारा देत नाही. मी राउटरच्या सेटिंगमध्ये गेले आणि पुन्हा बाबांचं नाव घातलं. आयेने चष्मा लावून एकेक अक्षर तपासलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चंद्रामावशीच्या दारात गेले. शिंदेकाकाही तिथेच होते, बरं झालं. मी मनात जुळवून नेलं होतं तसं म्हटलं, "पासवर्ड पहिलाच ठेवलाय. फक्त माझ्या शिफ्टमध्ये वापरू नका, नंतर हवं तेवढं. आणि... दुपारी कुणी आयेपाशी थोडा वेळ बसू शकेल का? नेट मिळणार नाही त्या वेळी, मला माहीत आहे, पण..."

चंद्रामावशी मासळीची टोपली धूत होती. वर न बघता म्हणाली, "ते तू कोन सांगनार? नेटचा नंबर तू लाव. बसायचा नंबर आमी कवाच लावलाय. तुजी आये सकालीच येऊन सांगून गेली, कुनाचा कुठला दिवस ते."

शर्वरी मॅडमची सही आली. आता दुपारी आमचं दार उघडं असतं. बेडरूमचंही अर्धं उघडं, हेडसेट एकाच कानावर. लाइन कधीमधी तुटते. मग मी बाहेर डोकावते, आणि शिंदेकाका आपला फोन उलटा करून चटईवर ठेवल्याचं दाखवतात, मी नाही बाबा, म्हणून.

तुम्ही अजून फोन करता आणि विचारता, आये परत कधी येणार, घर तिची वाट बघतंय. घर म्हणजे ते, असंच मीही इतकी वर्षं धरून होते, आणि इथली प्रत्येक जागा माझ्या लेखी राहण्याची सोय होती. परवा दत्ताकाकांचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा आये साडी सारखी करून चपला घालत होती. शिंदेकाकी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अंथरुणावर आहेत, आणि काकांना बँकेत जायचं होतं. दत्ताकाका पडद्यावरून "वैनी, कशी आसस? गावाक कधी येतलंस?" असं विचारत होते, मागे आमचं खळं दिसत होतं. तिने फोन माझ्या हातात दिला.

"तू बोल तेंच्याशी," ती म्हणाली. "माका वेळ नाय. आज माझो नंबर आसा."